इंग्लंडमध्ये पहिले घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला टोकन, करारनामा, मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातली तारीख हा क्रम तोंडपाठ असतो, आणि वकिलाने सर्च रिपोर्ट दिला की त्याचे काम बहुतेक संपते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र मालकी हस्तांतराची जवळजवळ सगळी प्रक्रिया, जिला इथे कन्व्हेयन्सिंग म्हणतात, दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर आपापसांत पार पाडतात. मालकीची कागदपत्रे तपासणे, विक्रेत्याच्या बाजूला प्रश्न विचारणे, बँकेच्या अटी सांभाळणे, पैसे स्वतःच्या क्लायंट अकाउंटमध्ये (ग्राहकांच्या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्यात) घेऊन पुढे पाठवणे, कर भरणे आणि शेवटी एचएम लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, तुमचे नाव लावून घेणे, हे सारे एकाच फर्मच्या हातात असते. तुम्हाला कोणत्याही सरकारी कार्यालयात जावे लागत नाही, आणि म्हणूनच काम कुठे अडले आहे हे सॉलिसिटरने सांगितल्याशिवाय कळायचा मार्गही फारसा नसतो. हा लेख या देशात नव्याने आलेल्या आणि पहिले घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. स्कॉटलंडचा मालमत्ता कायदा वेगळा आहे, त्यामुळे एडिंबरा किंवा ग्लासगोत घर घेणाऱ्यांनी तिथलाच सॉलिसिटर गाठावा. खालचे सगळे तिथे लागू पडणार नाही.

शोध कधी सुरू करावा

घर पसंत पडून ऑफर स्वीकारली गेली की इस्टेट एजंट त्याच दिवशी फोन करून सॉलिसिटरचे नाव विचारतो. त्या घाईत नाव नसेल तर तो स्वतःच एक सुचवतो, आणि बहुतेक नवखे तिथेच होकार देऊन मोकळे होतात. त्यामुळे घरे पाहायला सुरुवात कराल त्याच सुमारास दोन-तीन फर्मशी बोलून ठेवावे. नुसत्या चौकशीला आणि कोटेशनला सहसा पैसे पडत नाहीत.

ही घाई परवडत नाही त्याला आणखी एक कारण आहे. इथे ऑफर स्वीकारली जाणे म्हणजे कायदेशीर बंधन नव्हे. कराराची देवाणघेवाण, म्हणजे ‘एक्सचेंज’, होईपर्यंत कोणतीही बाजू माघार घेऊ शकते, आणि दुसऱ्या कोणी जास्त किंमत दिली तर विक्रेता तुम्हाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकतो. ऑफरपासून एक्सचेंजपर्यंत जाणारे आठवडे म्हणजे मुख्यतः सॉलिसिटरच्या टेबलावरचे आठवडे असतात. संपूर्ण व्यवहाराला तीन-चार महिने लागणे नेहमीचे आहे. झोपलेल्या फाइलला त्याहून जास्त लागतात.

कोणाकडे जाता येते

हे काम मुख्यतः दोन प्रकारचे व्यावसायिक करतात. सॉलिसिटरांवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे एसआरए, या संस्थेचे नियंत्रण असते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हे फक्त मालमत्ता हस्तांतराच्या कामात तयार झालेले असतात आणि त्यांच्यावर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे नियंत्रण असते. साध्या खरेदीसाठी दोघेही तितकेच चालतात. व्यवहारात घटस्फोट, मृत्युपत्र किंवा कुटुंबातल्या पैशांच्या वाटणीचा प्रश्न गुंतलेला असेल तर सॉलिसिटर घ्यावा, कारण त्याच फर्ममध्ये त्या विषयाचा माणूस मिळू शकतो.

नाव कोणाकडूनही कळलेले असो, एसआरएच्या नोंदवहीत फर्म आणि व्यक्ती दोन्ही शोधून पाहाव्यात. ही नोंदवही इंटरनेटवर विनामूल्य उघडता येते आणि पूर्वी झालेली शिस्तभंगाची कारवाईही तिथे दिसते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सरसाठी त्यांच्या काउन्सिलची यादी आहे. शिवाय लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेची ‘कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम’ नावाची मान्यता फर्मकडे आहे का तेही पाहावे, कारण काही बँका त्याशिवाय फर्मला आपल्या यादीत घेत नाहीत.

ही बँकेची यादी, जिला इथे ‘पॅनल’ म्हणतात, नवख्यांच्या ध्यानात येत नाही. कर्ज देणारी बँक आपले हित सांभाळण्यासाठी सहसा तुमच्याच सॉलिसिटरला नेमते, पण तो तिच्या पॅनलवर असेल तरच. नसेल तर बँक स्वतंत्र वकील नेमते, त्याचा खर्च तुमच्या माथी येतो आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात वेळ जातो तो वेगळाच. तुमच्या बँकेचे नाव घेऊन प्रश्न विचारावा. ‘बहुतेक सगळ्या बँका आहेत आमच्याकडे’ या उत्तरावर थांबू नये.

शिफारशींची पारख

इस्टेट एजंटने सुचवलेली फर्म वाईटच असते असे नाही. मात्र पुष्कळदा अशा शिफारशीमागे रेफरल फी, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दलचे पैसे, असते, आणि ती घेतली जात असल्यास तसे तुम्हाला सांगणे त्यांना भाग आहे, म्हणून सरळ विचारावे. एजंट विक्रेत्याने नेमलेला असतो हे विसरू नये; व्यवहार लवकर उरकावा यात त्याचे हित असते, आणि तुमच्या सॉलिसिटरचे काम नेमके वेळप्रसंगी ‘थांबा’ म्हणण्याचे असते. नव्या बांधकामात हे आणखी ठळकपणे दिसते. बिल्डर आपल्या पसंतीच्या सॉलिसिटरकडे गेल्यास फीचा भार उचलण्याची तयारी दाखवतो आणि २८ दिवसांत एक्सचेंज करण्याची अट घालतो. मी स्वतः अशा वेळी बाहेरचा सॉलिसिटर घ्यावा या मताचा आहे, मग फीचे पैसे खिशातून गेले तरी चालतील.

ओळखीच्यांची शिफारस उपयोगी पडते, फक्त ती नीट विचारून घ्यावी. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा व्हॉट्सॲप गटात कोणी नाव सुचवले तर ‘चांगला आहे का’ एवढेच विचारण्यात अर्थ नाही. घर फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमच्या मालकीचे) होते की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचे), भारतातून पैसे आणले होते का, ईमेलला उत्तर किती दिवसांत यायचे आणि शेवटचे बिल पहिल्या कोटेशनपेक्षा किती वाढले, हे विचारावे. वर्षभरापूर्वी ज्या व्यक्तीने काम केले ती आज त्या फर्ममध्ये आहे का, हेही पाहावे लागते. या क्षेत्रात माणसे वरचेवर फर्म बदलतात.

‘स्थानिक’ असण्याचा फायदा कुठे

आज बहुतेक काम ईमेलवर आणि पोर्टलवर होते, ओळखीची पडताळणीही फोनवरच्या ॲपवर होते, त्यामुळे सॉलिसिटर घराशेजारी असलाच पाहिजे असे उरलेले नाही. तरीही काही ठिकाणी स्थानिक माहितीचे मोल मोठे आहे. डरहॅम, यॉर्कशर, नॉटिंगहॅमशर किंवा साउथ वेल्समध्ये घराखाली जुन्या कोळसा खाणी असू शकतात, कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या, आणि चेशरच्या काही भागांत मिठाच्या उपशामुळे जमीन खचण्याचा प्रश्न असतो. त्या भागातला सॉलिसिटर याबाबतचे ‘सर्च’, म्हणजे संबंधित संस्थांकडची लेखी माहिती, तुम्ही न सांगता मागवतो आणि आलेला अहवाल वाचून घाबरावे की नाही हेही सांगू शकतो. स्थानिक काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, सर्च किती आठवड्यांनी येतो, एखाद्या नव्या वसाहतीत रस्ते काउन्सिलने ताब्यात घेतले आहेत की मॅनेजमेंट कंपनी दरवर्षी वर्गणी वसूल करते, हेही त्याला ठाऊक असते.

म्हणून एक स्थानिक, एक ओळखीतून आलेली आणि हवी तर एक मोठी ऑनलाइन अशा तीन फर्मकडून कोटेशन घ्यावे. काही मोठ्या ऑनलाइन फर्मचा कारभार कारखान्यासारखा चालतो: प्रत्येक टप्प्याला वेगळा माणूस, आणि फोन केला की पहिल्यापासून सगळे सांगायचे. साध्या, नोंदणीकृत, फ्रीहोल्ड घराला ते चालून जाते. कुठे काही गुंता निघाला की तोच कारभार महाग पडतो.

कोटेशन कसे वाचावे

डिसेंबर २०१८ पासून एसआरएच्या नियमानुसार फर्मना निवासी कन्व्हेयन्सिंगचे दर संकेतस्थळावर द्यावे लागतात, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. निदान वरवर तरी. समजा, एका ठिकाणी ठळक अक्षरांत ‘८५० पौंड’ लिहिले आहे. त्यावर २० टक्के व्हॅट धरला की ते १,०२० होतात. मग खालच्या बारीक अक्षरांत लीजहोल्ड असल्यास वाढीव फी, मॉर्गेज (गृहकर्ज) असल्यास वेगळी फी, आईवडिलांनी रक्कम दिली असल्यास ‘गिफ्टेड डिपॉझिट’ची फी, प्रत्येक व्यक्तीच्या ओळख पडताळणीची फी, बँक ट्रान्सफरची फी आणि कराचे विवरणपत्र भरण्याची फी निघते. शेजारच्या फर्मने सरळ १,३०० पौंड अधिक व्हॅट सांगितलेले असतात आणि त्यात हे सगळे आलेले असते. त्यामुळे तुमची पूर्ण परिस्थिती सांगून शेवटच्या बेरजेचे लेखी कोटेशन मागावे आणि बेरजांचीच तुलना करावी.

फीखेरीज ‘डिस्बर्समेंट्स’ असतात, म्हणजे सॉलिसिटरने तुमच्या वतीने इतरांना द्यायचे पैसे: काउन्सिलचा सर्च, पाणी व सांडपाण्याचा सर्च, पर्यावरणाचा सर्च आणि लँड रजिस्ट्रीची नोंदणी फी. या रकमा सगळ्या फर्मकडे साधारण सारख्याच असाव्यात. एखाद्याकडे त्या संशयास्पद कमी दिसल्या तर काहीतरी गाळलेले आहे असे समजावे. ‘नो सेल, नो फी’ असे लिहिलेले असले तरी व्यवहार मोडल्यावर डिस्बर्समेंट्सचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

पहिल्या फोनवर काय विचारावे

माझ्या मते फीपेक्षा हा फोन जास्त सांगून जातो. माझी फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि त्यांची पात्रता काय, ते रजेवर गेले तर कोण पाहणार, त्यांच्याकडे एका वेळी किती फाइली असतात, ईमेलला किती दिवसांत उत्तर मिळते आणि गरज पडली तर त्यांच्याशी थेट बोलता येते का, हे प्रश्न विचारावेत. उत्तर देणारा माणूस विक्री विभागातला असेल तर तो फाइलींच्या संख्येवर गोलमोल बोलतो. अशा वेळी ज्यांच्याकडे फाइल जाणार त्यांच्याशीच पाच मिनिटे बोलायची विनंती करावी. ती मान्य होते की नाही, यावरूनही पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो.

भारतातले घर आणि भारतातला पैसा

आपल्या लोकांचे व्यवहार इथेच अडतात, म्हणून या दोन गोष्टी पहिल्याच संभाषणात स्वतःहून सांगाव्यात.

पहिली गोष्ट कराची. इंग्लंडमध्ये घरखरेदीवर स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स लागतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत कर नाही आणि ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के आहे. किंमत ५ लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्णच जाते. पण ‘पहिल्यांदा’ याचा अर्थ जगात कुठेही पहिल्यांदा असा आहे. कोथरूडचा फ्लॅट पाच वर्षांपूर्वी विकून टाकलेला असला, किंवा वडिलांच्या पश्चात राहत्या घरात वारसाहक्काने हिस्सा आलेला असला, तरी ही सवलत मिळत नाही, आणि दोघे मिळून घेत असतील तर दोघांनीही ही अट पाळलेली असावी लागते. शिवाय आजही तुमच्या नावावर जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा अधिक किमतीचे घर किंवा घरातला तेवढ्या किमतीचा हिस्सा असेल, तर सर्वसाधारणपणे पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. मुख्य राहते घर विकून त्याच्या जागी दुसरे घेणे, अलीकडे वारशाने आलेला लहान हिस्सा, असे काही अपवाद आहेत. एकत्र राहणाऱ्या पतीपत्नींचे घर या अधिभारासाठी एकत्र मोजले जाते, त्यामुळे नवे घर केवळ पत्नीच्या नावावर घेतल्याने सुटका होत नाही.

आकड्यांत पाहिले तर फरक लक्षात येतो. ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पौंड कर पडतो. सवलत नसलेल्याला १०,०००. आणि भारतातल्या घरामुळे अधिभार लागलेल्याला ३०,०००. खरेदीपूर्वीच्या १२ महिन्यांत तुम्ही या देशात १८३ दिवसही राहिलेले नसाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के, म्हणजे याच घरावर ८,००० पौंड, वाढतात. नंतर पुरेसे दिवस इथे राहिल्यास ती वाढीव रक्कम परत मागता येते. वेल्समध्ये वेगळा लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स आहे आणि त्यात पहिल्या घराची अशी सवलतच नाही.

गावाकडच्या सामाईक घरात चार चुलत्यांसह आपलेही नाव लागलेले आहे, याची कित्येकांना आठवणही नसते. सातबाऱ्यावर नाव असलेली मोकळी शेतजमीन या हिशेबात येत नाही, पण तिच्यात राहते घर असेल तर ते येऊ शकते. अनेक फर्म आपल्या करारपत्रात करविषयक सल्ला देणार नाही असे स्पष्ट लिहितात. म्हणून ‘भारतात माझा असा हिस्सा आहे, याचा कर तुम्ही ठरवाल की मला वेगळा कर सल्लागार पाहावा लागेल’ असा थेट प्रश्न विचारावा. या प्रश्नावर जो थांबून उलट दोन प्रश्न विचारतो, तो सॉलिसिटर कामाचा.

दुसरी गोष्ट पैशांच्या उगमाची. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला पैसे कुठून आले एवढेच नव्हे, तर ते मुळात कसे मिळवले याचाही पुरावा लागतो. वडिलांनी डोंबिवलीचे घर विकून रक्कम दिली असेल, तर ते खरेदीखत, त्यांच्या खात्यात रक्कम जमा झालेला बँकेचा उतारा, तिथून तुमच्या खात्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा आणि वडिलांच्या ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. खरेदीखत मराठीत असले तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते, आणि ते करायला वेळ जातो, म्हणून आधीच करून घ्यावे. भारतात राहणाऱ्या आईवडिलांना रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली प्रत्येकी एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. रक्कम तीन नातेवाइकांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी आणली की प्रत्येकाची कागदपत्रे मागितली जातात, आणि व्यवहार तिथे आठवडेच्या आठवडे अडतो. भारतातून आलेल्या पैशांच्या फाइली पूर्वी हाताळल्या आहेत का, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

आईवडिलांची रक्कम भेट असेल तर बँक त्यांच्याकडून ‘या घरावर आमचा हक्क राहणार नाही’ असे लेखी मागते. त्यांना खरोखरच हिस्सा ठेवायचा असेल तर तसे आधी सांगावे. पतीपत्नींनी संयुक्त नावाने घेताना ‘जॉइंट टेनंट्स’ म्हणून घेतले तर एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचे होते, आणि ‘टेनंट्स इन कॉमन’ म्हणून घेतले तर प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा राहतो. हा निर्णय फॉर्मवरच्या एका खुणेने होतो. ती खूण करण्यापूर्वी समजावून सांगणारा सॉलिसिटर हवा.

घर लीजहोल्ड असेल तर

लंडनमधले आणि इतर शहरांतले फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतात. यात लीजची किती वर्षे उरली आहेत ते पहिल्यांदा पाहावे, कारण ती ८० वर्षांच्या खाली गेली की मुदत वाढवणे महाग होते. हा नियम बदलणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला असला तरी त्यातल्या सगळ्या तरतुदी एकदम अमलात आलेल्या नाहीत, म्हणून सध्याची स्थिती सॉलिसिटरलाच विचारावी. सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च), ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचे भाडे) आणि येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्त्या यांची माहिती मॅनेजिंग एजंटकडून मागवावी लागते आणि ती सावकाश येते. उंच इमारतींबाबत बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ नंतर काही फर्म असे काम घेतच नाहीत. फ्लॅट पाहत असाल तर इमारतीची उंची आणि मजले सांगून, हे काम तुम्ही घेता का, हे आधीच विचारून घ्यावे, नाहीतर अर्ध्या वाटेवर फर्म बदलायची पाळी येते.

नेमणूक झाल्यानंतर

फर्म तुम्हाला नेमणुकीचे पत्र पाठवते. त्यात फी, कामाची व्याप्ती, फाइल पाहणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तक्रारीची पद्धत असते. ते वाचूनच सही करावी. त्याच वेळी फर्मच्या खात्याचा तपशील घ्यावा आणि तो फर्मच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून पडताळावा. सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचे खाते बदलले आहे’ असा बनावट ईमेल पाठवून डिपॉझिट लुबाडण्याचे प्रकार इथे घडतात. असा ईमेल कितीही खरा वाटला तरी फोन केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये.

सॉलिसिटर घर पाहायला जात नाही. भिंतीतली ओल आणि छताची गळती सर्व्हेयरच्या अखत्यारीत येते, आणि तो तुम्ही वेगळा नेमायचा असतो. उलट, तुम्ही घर पाहिलेले असते आणि सॉलिसिटरने नसते, म्हणून मागची खोली वाढवलेली दिसते, माळ्यावर बेडरूम केली आहे, शेजारी आपल्या बागेतून ये-जा करतात, अशा गोष्टी त्याला लेखी कळवाव्यात. त्याशिवाय परवानगीचे किंवा वहिवाटीचे प्रश्न विचारायचे त्याला सुचणार नाही. तो पाठवतो त्या ‘रिपोर्ट ऑन टायटल’सोबतचा, म्हणजे मालकीच्या तपासणीच्या अहवालासोबतचा, नकाशा आणि प्रत्यक्ष कुंपण जुळते का, हेही तुम्हालाच पाहायचे आहे.

एक्सचेंजच्या वेळी साधारण दहा टक्के डिपॉझिट दिले जाते, आणि त्यानंतर माघार घेतल्यास ते गमवावे लागू शकते. नेहमीच्या करारात घराची जोखीमही एक्सचेंजपासूनच खरेदीदारावर येते, त्यामुळे इमारतीचा विमा त्या दिवसापासून चालू हवा. कम्प्लीशननंतर, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात आल्यावर, १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचे विवरणपत्र आणि कर भरावा लागतो. हे काम सॉलिसिटर करतो, पण जबाबदारी तुमची असते.

काम रेंगाळले किंवा चुकले तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर लीगल ओम्बुड्समनकडे, म्हणजे वकिली सेवांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येते. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिने मिळतात.

लँड रजिस्ट्रीतली नोंद पूर्ण व्हायला कधी कधी बरेच महिने लागतात, आणि ती झाल्यावर सॉलिसिटर रजिस्टरची प्रत पाठवतो. भारतातल्या सातबाऱ्यापेक्षा किंवा इंडेक्स टूपेक्षा हिचे वजन अधिक आहे, कारण इथे रजिस्टरमधल्या मालकीची हमी सरकार देते. त्या प्रतीवरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. वडिलांचे नाव मध्ये आले आहे की गळले, लग्नानंतर बदललेले आडनाव कोणते लावले, इथे आपल्या नावांच्या चुका हटकून होतात, आणि त्या घर विकताना दुरुस्त करण्यापेक्षा फाइल उघडी असतानाच त्याच सॉलिसिटरकडून दुरुस्त करून घ्याव्यात. त्यानंतर लँड रजिस्ट्रीच्या विनामूल्य ‘प्रॉपर्टी अलर्ट’ सेवेत घर नोंदवून ठेवावे, म्हणजे त्या घराच्या रजिस्टरवर कोणी काही अर्ज केला तर तुम्हाला ईमेल येतो.